दोन लिटर तेलाचं काय करायचं?

भजी खायला अख्खं घर तयार असतं, तळायला उभं राहणारं माणूस मात्र एकच. बाकीचे गरम गरम उचलत असतात आणि त्याच्या वाट्याला येतो शेवटचा घाणा, काळे ठिपके लागलेला. आमच्याकडे हे खातं बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आई आता ओट्याशी उभी राहत नाही. खुर्चीत बसून नुसत्या आवाजावर देखरेख करते. ‘तेल तापलं नाहीये अजून’, ‘गॅस बारीक कर’ हे ती न बघता सांगते आणि ते दर वेळी बरोबर निघतं, हा त्यातला वैताग. त्यामुळे विजेवर चालणारा, आपलं तापमान आपणच सांभाळणारा डीप फ्रायर घ्यावा असं मनात आलं तेव्हा त्यात अर्धी हौस होती आणि अर्धी आईच्या देखरेखीतून सुटका.

ही इच्छा कुणाला बोलून दाखवली की समोरचा लगेच म्हणतो, ‘अरे, एअर फ्रायर घे ना!’ एअर फ्रायर चांगलाच असतो, पण त्यात तळणं होत नाही. ती पंखा लावलेली छोटी भट्टी. गरम हवा जोरात फिरवून पदार्थ भाजते. कालचे सामोसे कुरकुरीत करायला उत्तम. पण बटाटावड्याचं ओलं पीठ त्यात सोडून बघा. वडा व्हायच्या आत पीठ जाळीतून खाली उतरलेलं असतं. ते पीठ सगळ्या बाजूंनी एकदम धरून ठेवायला तेलच लागतं. तळकट नको असेल तर खाऊ नये, उकडीचे मोदक आहेतच की.

दुकानातल्या मुलाने ‘काका, हे बघा’ म्हणत चार यंत्रं पुढ्यात मांडली आणि झाकणाची काच, टायमरची घंटी, रंग असं सगळं समजावलं. माझं लक्ष मागे चिकटवलेल्या बारीक अक्षरांकडे. तिथले दोनच आकडे कामाचे: तेल किती लिटर आणि वॉट किती. थंड वडे पडले की तेलाचं तापमान धाडकन उतरतं. दोन-अडीच लिटर तेलाला १८००-२००० वॉट असतील तर ते लवकर सावरतं. तेवढ्याच तेलाला हजार वॉट असतील तर दुसऱ्या घाण्यापासून वडे तेल प्यायला लागतात. मग घरचा प्लग. आपला साधा पॉइंट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १४०० वॉटसुद्धा नाही. मोठ्या फ्रायरला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा, आणि आमच्या स्वयंपाकघरातला तो मायक्रोवेव्हने अडवलेला. उरला ड्राय बाल्कनीतला, वॉशिंग मशीनचा. विजेच्या बिलाची भीती मात्र फुकाची. २००० वॉटचं यंत्र अर्धा तास सलग चाललं तरी एकच युनिट होतं, आणि सलग ते चालत नाहीच. तेल तापलं की थांबतं, उतरलं की पुन्हा सुरू होतं.

हे थांबणं-सुरू होणं हीच त्याची करामत. तेल १७५-१८० अंशांवर असलं की पिठातल्या पाण्याची वाफ होऊन जोरात बाहेर सुटते. वड्याभोवती खदखदणारे बुडबुडे म्हणजे ही वाफच. ती बाहेर रेटत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. तेल गार असेल तर वाफेला जोर नाही, कवच धरायला वेळ लागतो आणि वडा तेलकट होतो. आवाज बसला, बुडबुडे विरळ झाले की बाहेरच्या थरातलं पाणी सरत आलं असं समजायचं. खुर्चीतून ऐकू येतं ते हेच. गंमत म्हणजे बरंचसं तेल वडा बाहेर काढल्यावर आत जातं. आतली वाफ निवते, जागा मोकळी होते आणि वरवर लागलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून झाऱ्यात धरून नीट निथळायचं ते लगेच, वडा गरम असताना. फ्रायरची जाळी तेलाच्या वर अडकवून ठेवता येते ती यासाठी. झाकण मात्र तळताना उघडंच बरं; लावून ठेवलं तर वाफ कोंडून भजी मऊ पडतात.

आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली. काही फ्रायरमध्ये तापणारी कॉइल तेलात बुडलेली असते पण तळाला टेकत नाही. गरम तेल वर चढतं, कॉइलखालचा थर त्या मानाने थंड राहतो आणि सुटलेला बेसनाचा चुरा तिथे पडून राहतो, जळत नाही. आपल्या कढईत नेमकं उलट. चुरा घरंगळत जातो तो थेट ज्वाळेच्या डोक्यावर. शेवटच्या घाण्याचे काळे ठिपके ते हेच. वडापाववाले हा चुरा जळायच्या आत काढून पावात घालतात. घरी तेवढं भान कुणाला राहतं?

पण हे यंत्र मुळात बटाट्याच्या लांब फोडींसाठी घडवलेलं दिसतं, आणि आपलं तळण पुढ्यात आलं की ते लगेच कळतं. जाळीत भजी ठेवून जाळी तेलात सोडली तर पीठ तारांना असं चिकटतं की भजी सोडवताना निम्मी जाळीलाच राहते. आधी रिकामी जाळी बुडवायची आणि मग हाताने एकेक भजं तेलात सोडायचं. पुरीला पसरट जागा लागते आणि झाऱ्याने हलकेच दाबायला हात. अरुंद भांड्यात ती एका कडेला जाऊन अर्धीच फुगते. चकली आणि शंकरपाळी मात्र यात सुरेख होतात. त्यांना एकसारखी, बेताची आच हवी असते, आणि गॅसची चावी मिलिमीटरने फिरवत बसण्यापेक्षा १६० वर काटा ठेवून गप्पा मारता येतात. अनारशाचं नाव काढू नका. तो मंद आचेवर, तुपात, खसखशीची बाजू वर ठेवून न उलटता तळायचा. फ्रायरमध्ये दोन लिटर साजूक तूप ओतलं आणि अनारसा त्यात हसला, म्हणजे विरून पसरला, तर घरात कोण हसेल?

आता मुख्य मुद्दा, तेल. तुळशीबागेत मिळते तशी गोल बुडाची लोखंडी कढई घ्या. अर्धा लिटर तेलाला मधोमध दोन बोटं खोली मिळते, कारण सगळं तेल मध्यावर जमतं. ज्याने कुणी हा आकार काढला त्याला तेलाचा भाव ठाऊक होता. फ्रायरचं बूड सपाट, आणि आतल्या अंगाला ‘किमान’ची रेघ. तेल तिच्याखाली गेलं की कॉइल उघडी पडायचा धोका, म्हणून ती पाळावीच लागते. दोन माणसांच्या बशीभर भज्यांनाही रेघेपर्यंत तेल. मोठ्या यंत्रात ते दोन लिटर होतं, आणि भजी संपल्यावर ते दोन लिटर आपल्याकडे बघत बसतं. फोडणीत घालून घालून किती घालणार? मोरीत ओतलं तर पाइप तुंबतो आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात. तापवलेलं तेल ताज्या तेलापेक्षा लवकर बिघडतं, तेव्हा गाळून लगेच एक-दोन दिवसांत संपवावं हे बरं. अन्न सुरक्षेचं बघणाऱ्या एफएसएसएआयने १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांवर, म्हणजे तेल तापून तापून बिघडत जातं तशा त्यात वाढणाऱ्या घटकांवर, २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. ते मोजायची उपकरणं हॉटेलवाल्यांकडे असतात. घरी आपण रंग, वास आणि न आवरणारा फेस बघतो. वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करायची ‘रुको’ योजनाही त्याच वर्षी आली. पण आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा करता करताच लोक टेकीला आलेत. तिथे वार्षिक सभेत तेलाच्या पिंपाचा विषय काढायची माझी छाती नाही.

म्हणून माझं मत असं झालं, की रोजच्या बशीभर भज्यांना कढईच ठेवावी आणि फ्रायर घ्यायचाच तर लहान घ्यावा: लिटर-दीड लिटरचा, १०००-१२०० वॉटचा, साध्या पॉइंटवर चालणारा. स्टीलचं भांडं सुटं निघायला हवं आणि कॉइलचं डोकं वेगळं उचलता यायला हवं. वीज असलेला भाग पाण्याखाली धरता येत नाही, त्यामुळे जिथे भांडं आणि कॉइल एकत्र जोडलेले असतात तिथे ते धूड तिरपं करून तेल गाळा आणि मग तासभर कागदाने पुसत बसा. काचेची खिडकी आणि वास अडवणारी फिल्टर यांना जादा पैसे मोजू नयेत. वास येतोच. बंद फ्लॅटमधल्या पडद्यांना तर दुसऱ्या दिवशीही येतो. मग यंत्र ड्राय बाल्कनीत नेलेलं काय वाईट? गॅसपासून लांब, ज्वाळ नाही, तापमान ठरलेल्या आकड्यापुढे जात नाही. फोन वाजला म्हणून तेल धुरावेपर्यंत विसरणाऱ्या माझ्यासारख्याला एवढं पुरे.

आणि तळण साठवून एकत्र करावं. हे शहाणपण काही नवं नाही. आषाढ तळायची पद्धत आहेच, दिवाळीचा फराळही सलगच होतो. एकदा घातलेलं तेल पदार्थामागून पदार्थाला पुरवायचं. यंदा शेजारच्या वहिनींशी तसा तहच झाला. यंत्र आमचं, तेल निम्मं निम्मं. कांदेनवमीच्या आदल्या दिवशी आधी शंकरपाळी, मग गुळाच्या कापण्या, संध्याकाळी कडबोळी. तेल गाळून ठेवायचं आणि नवमीला शेवटची कांदाभजी, कारण कांद्याचा वास एकदा लागला की त्या तेलात गोड काही तळता येत नाही. मीठ चोळून पाणी सुटलेला कांदा, त्यात मावेल तेवढंच बेसन, वरून पाण्याचा थेंब नाही.

बेत ऐकून वहिनींच्या यजमानांनी हळूच विचारलं, ‘मग भज्यांच्या नंतर बोंबील? तेल टाकायचंच आहे ना?’

‘अहो, बोंबील तव्यावर,’ वहिनी म्हणाल्या. ‘आणि तळायला तुम्ही.’