नव्या सिस्टरवर मी ओरडत का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"नव्या मुलींना तुम्ही डोक्यावर चढवता," हे मला वॉर्डात वरचेवर ऐकावं लागतं. पाठोपाठ प्रश्न येतो: चुकलं तरी सगळ्यांसमोर झापत का नाही? विचारणाऱ्या बहुतेक नर्सिंगमधल्याच, त्यामुळे नाइटची ओढाताण सांगत बसत नाही.

मी इन्चार्ज नव्हते तेव्हाची गोष्ट. पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट, दुसरी रात्र. नुकत्याच रुजू झालेल्या सिस्टरने चार्टवर मिनिटाचे श्वास लिहिले होते: 18, मग 24, पहाटे 28. लघवी कमी झालेली. ऑक्सिजन लावलेला असताना सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, मात्र 96 टक्के. तिला खटकलं होतं. पण त्याच आठवड्यात तिने असंच डॉक्टरांना उठवलं, तेव्हा सीनियरने नातेवाइकांदेखत सुनावलं होतं, "सॅच्युरेशन ठीक आहे ना? मग कशाला फोन?" म्हणून ती राउंडची वाट बघत राहिली. सकाळी ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, मी घेतली. "ताई, श्वास वाढलेत, पण सॅच्युरेशन ठीक आहे," असं ती दोनदा म्हणाली. पेशंटला धावतच आयसीयूत नेलं. जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. तो वाचला नाही. मेमो तिला मिळाला. आकडे तिच्याच अक्षरात होते, दोष सिद्ध करायला कुणाला कष्ट पडले नाहीत. सीनियरला कुणी काही विचारलं नाही. मुलीने नर्सिंगच सोडलं.

मिनिटाला 25 किंवा जास्त श्वास म्हणजे ताबडतोब कळवा, हे तिला माहीत होतं हो! कळवायची भीती आम्ही घातली होती.

याला लाड म्हणू नका. माझ्या वॉर्डात पोटॅशियम क्लोराइड, जे जास्त गेलं तर हृदय थांबू शकतं, ते दोघींनी तपासल्याशिवाय सलाइनमध्ये जात नाही, ओव्हर बेडपाशीच होते. त्यात कुणालाच सूट नाही. आणि माझ्या रजिस्टरमध्ये चुका जास्त दिसतात म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांच्या 1996च्या अभ्यासातही मोकळं बोलू देणाऱ्या नर्स-मॅनेजरच्या वॉर्डांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या आढळल्या. तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या, असा त्यांनी अर्थ लावला.

पूर्वी मीही म्हणायचे, बोलणी खाल्ली म्हणून घडलो. सीनियरच्या धाकानेच मी लेबल तीनदा वाचायला शिकले, हे खोटं नाही. मग धाकाशिवाय ती सवय लागते का? काहींना लागते. एकीला महिनोन् महिने समजावूनही लागलेली नाही, आणि ती सध्या माझ्याकडेच आहे. तिच्यावर ओरडणार नाही. पण तिला अजून एकटीने नाइटही लावलेली नाही.