पिल्लं शनिवारी निघतील का?

फेब्रुवारी लागला की आमच्या गावात फोन सुरू होतात. "शनिवारी आलो तर कासवाची पिल्लं नक्की दिसतील ना?" ऑलिव्ह रिडलेची अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात. वाळू तापली की लवकर, गार असली की उशिरा. यातून शनिवार कसा काढायचा?

मी हॅचरीवर, म्हणजे कासवाची अंडी जपून उबवतात त्या जागी, जायला लागलो तेव्हा सल्ला मिळाला, पर्यटकांना घोळात पाडू नकोस, एकच तारीख सांग. मला ते पटेना. प्रत्येक घरट्याच्या पाटीवर अंडी कधी घातली ते असतंच. त्याखाली मी 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहायला लागलो. घरगुती खानावळ चालवणाऱ्या वहिनी भडकल्या. "पंधरा दिवसांचं काय सांगतोस? भात कितीजणांचा टाकू?"

रास्तच होतं. मग त्यांना टोपली उचलून घरटं दाखवलं. पिल्लं अंड्यातून सुटून वर सरकायला लागली की वरची वाळू खचते, बशीएवढा खळगा पडतो. तो दिसला की पिल्लं जवळ आली. तरी आज की उद्या, ते सांगता येत नाही. आता संध्याकाळी खळगा दिसला की मी ग्रुपवर तेवढंच टाकतो. पाहुण्यांना पुढचं वहिनीच समजावतात, माझ्यापेक्षा बरं.

तांडेलकाकांना समजावणं मात्र कठीण गेलं. मार्च 2021 मध्ये ओडिशात टॅग, म्हणजे नंबराची पट्टी, लावलेली मादी जानेवारी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगळी, असं अभ्यासक तोवर मानत होते. बैठकीत काका म्हणाले, "काल वेगळी, आज एकच. तुमचं खरं धरायचं कधी?"

मी म्हटलं, "काका, एक आली एवढं पक्कं. किती येतात, ते ठाऊक नाही. श्रीलंकेला वळसा घालून आली की रामेश्वरजवळच्या पांबनच्या खाडीतून, तेही नाही. तिच्या परावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, धातूची पट्टी होती, सॅटेलाइटचं यंत्र नव्हतं."

"मग कळणार कसं?"

"आणखी टॅग सापडले तर. ते तुमच्याच जाळ्यात येणार."

काका बराच वेळ तंबाखू मळत बसले. जाळं कापून कासव सोडलं तर 25 हजारांपर्यंत भरपाई मिळते, हे त्यांना माहीत होतं. टॅगवरचा नंबर टिपायचा असतो हे नव्हतं. आता होडीत खडू ठेवलाय. नंबर आधी फळीवर लिहायचा, मग कासव सोडायचं.