‘स्वीकारते’

विशेष विवाह कायद्याखाली लग्नं लावायचं काम मी अकरा वर्षं करतेय. हार, पेढे, फोटो ही सगळी हौस. कायद्याला हवं असतं ते दोघांच्या तोंडचं एकेक वाक्य. घोषणापत्रावर सह्या झाल्या की माझ्यासमोर, तीन साक्षीदारांसमोर, स्वतःला समजणाऱ्या भाषेत ते एकमेकांना म्हणायचं. १९५४ च्या या कायद्यात स्वच्छ लिहिलंय, ते म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही.

गेल्या श्रावणात एक जोडपं आलं. मुलगा जर्मनीत नोकरीला. हॉलमधलं लग्न डिसेंबरात, पण बायकोच्या व्हिसासाठी विवाह प्रमाणपत्र आधी लागतं, म्हणून रजिस्टर उरकून घ्यायचं. हल्ली असे बरेच येतात. मुलाने वाक्य वाचलं. मुलीने सुरुवात केली, ‘मी तुम्हाला माझे कायदेशीर पती म्हणून...’ आणि थांबली.

“मॅडम, हे म्हटलं की लग्न झालं का? की डिसेंबरात होणार?”

मुलाची आई हसली. “अगं, हे कागदापुरतं. खरं लग्न डिसेंबरात. साडेचारशे माणसं बोलावलीत.”

मला गप्प बसवेना. म्हटलं, “लग्न आजच होतंय. डिसेंबरात समारंभ होईल.”

तिने कागद टेबलावर ठेवला आणि पाणी मागितलं. तिचा हात थरथरत होता. मी सगळ्यांना पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. सासू व्हायच्या बाई नाराज झाल्या, पण गेल्या.

“कुणी जबरदस्ती करतंय का?” हे विचारणं माझं कामच आहे.

“नाही हो. बाबांनी दोनदा विचारलं, पसंत आहे ना. मीच हो म्हटलं. नाही म्हणायला कारणच सापडेना.”

मग ती बोलत सुटली. मुलगा चांगला आहे, व्यसन नाही, शब्द कधी वाकडा नाही. रोज रात्री आठला त्याचा फोन येतो. साडेसातला ती वही घेऊन बसते आणि काय काय बोलायचं ते लिहून काढते. ऑफिस, तिकडची थंडी, आईचा गुडघा. यादी संपली आणि फोन ठेवला की सुटल्यासारखं वाटतं. “तो वाईट असता तर बरं झालं असतं,” म्हणाली आणि रडायला लागली.

“सगळे म्हणतात, प्रेम लग्नानंतर होतं. तुमचं झालं का?”

माझंही कांदेपोह्यांतूनच ठरलेलं. आणि प्रेम झालं, तिसऱ्या वर्षी, मला टायफॉइड झाला तेव्हा. पण मला हेही आठवत होतं, की पोह्यांच्या बशा ठेवून आत गेले तेव्हाच पुन्हा बाहेर जाऊन या माणसाशी बोलावंसं वाटलं होतं. खुर्चीत बसून असलं काही सांगू नये. तरी सांगितलं.

“मला तेवढंही वाटत नाही,” ती म्हणाली.

त्यानंतर मी फक्त कायदा सांगितला. घोषणापत्रावर सही झाली म्हणून लग्न होत नाही. झालं, की वर्षभर घटस्फोटाचा अर्जसुद्धा सहसा करता येत नाही. लग्न करणार असल्याची नोटीस देऊन सेहेचाळीस दिवस झालेत आणि ती तीन महिने चालते. म्हणजे आजच हो किंवा नाही म्हणायचं बंधन नाही, दीड महिना हातात आहे. हा दीड महिना कळल्यावर तिने डोळे पुसले.

बाहेर जाऊन तिने स्वतःच सांगितलं. तिची आई भिंतीला टेकली. मुलाच्या आईने आवाज चढवला. तिचे वडील काही न बोलता तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. वर्षानुवर्षं बाप बघतेय मी इथे, असा उभा राहिलेला क्वचितच.

मुलगा बराच वेळ हातातल्या हाराकडे बघत होता. मग तिला म्हणाला, “तू वहीत बघून बोलतेस ते मला माहीत होतं. पानं उलटल्याचा आवाज यायचा. मला वाटलं, होईल सवय.”

तिने मान खाली घातली. त्याने माझ्याकडे वळून विचारलं, “नक्की कोणत्या तारखेपर्यंत चालेल, मॅडम?” मी तारीख सांगितली. त्याने ती फोनमध्ये लिहून घेतली. त्या मुलासाठी माझा जीव तुटला, आजही तुटतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी जास्त बोलले का, हे यजमानांना तीनदा विचारलं.

गणपती आले, गेले. मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती फाइल मी सकाळीच काढून टेबलावर ठेवली होती. सव्वासहाला कार्यालय सुटलं, तरी मी सात वाजेपर्यंत बसून होते. शिपाई दोनदा डोकावून गेला. मग फाइलवर लिहिलं, ‘मुदतीत विवाह न झाल्याने नोटीस रद्दबातल’, आणि खाली सही केली.