कपाटाची किल्ली

ऑगस्टमध्ये आमच्या यवतमाळकडे कपाशीवर फवारणी सुरू असते. ग्रामीण रुग्णालयात गुरुवारी माझी मानसिक आरोग्याची ओपीडी. खोली लसीकरणवाल्यांची, एक दिवसापुरती उधार. त्या गुरुवारी दारात एक मोटारसायकल थांबली, मागे फवारणीचा पंप बांधलेला. धाकटा दीर फवारणी अर्धी टाकून वहिनीला घेऊन आला होता. सासू एसटीने पुढे आली होती. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलून सांगते आहे.

सासूचं म्हणणं सरळ होतं. "मॅडम, तिच्या अंगात येते. लहान पोट्टीवानी बोलते, मंग तिले काहीच याद नाही रायत." भगत झाला होता, लिंबू झालं होतं. झटका समजून कांदा हुंगवून झाला होता. मिरगी नाही, हे डॉक्टरांनी तपासून मगच माझ्याकडे पाठवलं होतं. बाई बत्तीस-तेहतीसची. दोन लेकरं, बचत गटाचा हिशोब तिच्याकडे, घरातलं सगळं तिच्या हाताखाली. पदराला किल्ल्यांचा जुडगा. बोलणं नेमकं, तक्रार एकच: "मधातले घंटे कुठं जातेत, समजतच नाही."

"कधी होतं हे?" तिला सांगता येईना. सासूच बोलली, "फवारणीच्या दिवसांत जास्त." आणि मग मी चूक केली. कागदावर वडील 'मयत' लिहिलं होतं. मी लगेच विचारलं, ते कशाने गेले, तेव्हा घरात कोण होतं. पहिल्याच भेटीत, दार उघडं, दिराच्या कपड्यांना फवारणीच्या औषधाचा वास. मला उत्तराची घाई होती, खरं तर कुतूहल होतं.

तिचे डोळे भिंतीवरच्या पोलिओच्या चित्रावर थांबले. पाय खुर्चीवर वर घेतले, पदराचं टोक दातात धरलं. आवाज बारीक झाला. "बाबा निजले हायेत. उठवू नोका."

"तू कितवीत आहेस?"

"चौथीत."

सासूने हात जोडले. दीर बाहेर निघून गेला. आणि मी? मी आणखी एक प्रश्न विचारला. "मग काय झालं?" ती थरथरायला लागली, श्वास अडकायला लागला. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

कॉलेजात आम्ही एरिक बर्नची तीन वर्तुळं काढायचो: पालक, प्रौढ, बालक. तो बालक सगळ्यांत असतो. आई ओरडली की चाळिशीतही माझा आवाज बारीक होतोच. पण मी तेव्हा 'मी'च असते, नंतर मला आठवतंही. हिच्यात मधे भिंत होती. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना पाहून चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने वरून ठीकठाक दिसणारा एक भाग आणि त्या भयंकर क्षणातच अडकलेला दुसरा, असं वर्णन केलं होतं. बचत गटाचा हिशोब पहिला भाग ठेवत होता. चौथीतली दुसरी होती, आणि तिला इतकी वर्षं गेल्याचा पत्ताच नव्हता. सिनेमात दाखवतात तशी एका अंगात दोन माणसं नाहीत ही. 'बहुव्यक्तिमत्त्व' हे निदानातलं नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ साली बदलून 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर', म्हणजे दुभंगलेली ओळख, असं केलं, ते काही उगाच नाही. मी तर हिच्यावर त्या नव्या नावाचाही शिक्का मारला नाही. एका भेटीत तो मारायचा नसतोच.

दार लावलं, पंखा वाढवला. डोळे मिटून श्वास घ्या, असं अशा वेळी सांगायचं नाही. मिटल्या डोळ्यांत माणूस आणखी खोल जातो. चपला काढून पाय फरशीवर टेकवायला लावले. माठातलं पाणी हातावर ओतलं. काही फरक पडेना. मग जुडगा दिसला.

"ही किल्ली कशाची हो?"

बराच वेळ गेला. बोटं किल्लीवरून फिरली. "कपाटाची."

"कोणाचं कपाट?"

"...माह्यं."

"आत काय असते?"

"लेकराइचे दाखले. गटाचं पासबुक." आवाज उतरत उतरत जागेवर आला. पाय खाली आले. तिने पदर सारखा केला आणि सासूकडे पाहून विचारलं, "मी आताही गेलती का?"

सासूने मान हलवली. त्या दिवशी मी वडिलांचा विषय पुन्हा काढला नाही. तो दोन महिन्यांनी तिनेच काढला, तिला झेपेल तेवढा. शाळेतून आल्यावर तिलाच ते सापडले होते, शेजारी औषधाचा डबा. त्या दिवशी मात्र इतकंच सांगितलं की हे बाहेरचं नाही. औषधाच्या वासाने ती जुन्या दिवसात जाते. पंप आणि फवारणीचे कपडे घरापासून लांब ठेवा. ती पोरगी आली तर तिला ओरडू नका, काही विचारूही नका. आज कोणता वार आहे, ते सांगा.

पुढच्या गुरुवारी दीर आंघोळ करून, पंप न बांधता आला होता. सासू माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाली, "सोमवारी आलती पोट्टी. मी काही नाही बोललो. तिच्या हातात किल्ल्या देल्या आन् चहा मांडला."