सोड्याच्या नळ्यांपायी सागाचा सीझन गेला (माझा अनुभव)

एमएस्सीच्या डिझर्टेशनला मी पुण्यात झाडांच्या फोटोसिंथेसिसवर काम केलं. अजूनही आठवलं की डोकं फिरतं, काम मस्त होतं हो, परचेस सेक्शनने जीव खाल्ला.

विषय साधा, सीओटू वाढवला की सागाचं पान किती जास्त कार्बन ओढतं. हवेत आत्ता ४२० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर आहे, मी ५६० धरला कारण अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या राइनलँडरला १९९८ ते २००९ अॅस्पेन फेस नावाचा मोठा प्रयोग झाला, ३० मीटर व्यासाची १२ वर्तुळं, आत अॅस्पेन, बर्च आणि मेपलची झाडं, उघड्या हवेत पाइपातून गॅस सोडायचे, सीओटू साधारण ५६० आणि ओझोन नेहमीच्या दीडपट. आपली ऐपत एका पानाची.

पान छोट्या चेंबरमध्ये धरून ते किती सीओटू ओढतं हे मोजणारं मशीन दोन दिवसांत मिळालं. अडकलं ते सीओटूच्या १२ ग्रॅमच्या कार्ट्रिजवर, अंगठ्यापेक्षा थोडी मोठी लोखंडी नळी, सोडा बनवायला वापरतात तसली, त्याशिवाय मशीन ५६० देणार कुठून? डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म भरला. क्लार्क म्हणाले, "ताई, सोडा कशाला लागतो लॅबमध्ये?" सगळे हसले, मीपण हसले, तीच चूक. मग तीन कोटेशन आणा. विकणारे मला दोनच सापडले. तिसरं एअरगनच्या दुकानातून आणलं, नेमकं तेच सगळ्यात स्वस्त, म्हणून तेच घ्या म्हणे! त्यात तेलाचा अंश असू शकतो, मशीनची वाट लागेल, हे पटवायला गाइडचं पत्र, पत्रावर एचओडींची सही, आणि एचओडी रजेवर. नंतर फाइल परत, का तर मी "नग" लिहिलं होतं आणि कोटेशनमध्ये "बॉक्स" होतं. रोज दुपारी खिडकीशी जाऊन उभी राहायचे, जेवणाची सुट्टी आहे, उद्या या. (बॉक्स लिहा, बॉक्स!) खोकं आलं मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर टेकडीवरचा साग पार उघडा, पान म्हणून नाही. शेवटी कॅम्पसातल्या आंब्यावर केलं.

तर ऐका, कार्ट्रिज एकदा टोचली की वापरा न वापरा, साधारण आठ तासांत संपते. म्हणून सकाळी आठला सुरू करा, दुपारी तसंही पानाची रंध्रं मिटतात आणि आकडे पडतात. जाड शीर चेंबरच्या कडेत आली की गॅस गळतो. पानाजवळ श्वास सोडू नका, आपल्या उच्छ्वासात ४० हजार पीपीएमच्या आसपास सीओटू असतो, माझी पहिली सकाळ त्यातच वाया गेली. आणि हो, पान लावलं की लगेच आकडा घेऊ नका, दहा-पंधरा मिनिटं सवय होऊ द्या.

५६० ला आंब्याचा आकडा वर गेला आणि मी खूश. व्हायव्हाला प्रश्न आला, ओझोनचं काय? तो रंध्रांतून आत शिरतो, रुबिस्कोची (सीओटू पकडणाऱ्या एन्झाइमची) नासाडी करतो, पान लवकर म्हातारं होतं. सीओटूने रंध्रं थोडी मिटतात म्हणजे ओझोन कमी शिरायला हवा, पण तिकडे अॅस्पेन फेसमध्ये दोन्ही एकत्र दिल्यावर पहिल्या काही वर्षांत अॅस्पेनची वाढ साध्या हवेतल्या झाडांइतकीच भरली, सीओटूचा फायदा ओझोनने खाल्ला. पुढे ओझोन सोसणारी झाडं वरचढ झाली आणि फरक कमी झाला. हे मी बोलले, पण दहा मिनिटांच्या रीडिंगवरून वर्षांचं काही सांगता येत नाही हेही कबूल केलं. मग परीक्षकांनी विचारलं, विषयाच्या नावात साग आहे, आंबा कुठून आला?

मी परचेसची फाइल बरोबर नेली होती. तीच पुढे ठेवली.