टेबलावरची थाप आणि उणे १६

व्याख्यानमालेच्या ध्वनिमुद्रणाच्या वेव्ह फाइल्स होत्या. वक्ते वेगळे, माइक वेगळे, आवाज मात्र एका पातळीवर हवा: सरासरी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक), आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत उंच टोक, उणे १.५ डेसिबलच्या खाली. एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओच्या प्रोग्रॅममधला लाउडनॉर्म हा आवाज समपातळीवर आणणारा फिल्टर सगळ्या फाइल्सवर दोन फेऱ्यांच्या बॅचमध्ये लावला. पहिल्या फेरीत मोजायचं, दुसरीत ते आकडे देऊन फरक लावायचा.

बॅच संपल्यावर एका फाइलचा आकार मूळच्या चौपट. तिथेच संशय आला. लाउडनॉर्म डायनॅमिक पद्धतीवर, म्हणजे क्षणाक्षणाला वाढ कमी-जास्त करण्यावर गेला की १९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटचं आउटपुट देतो. मूळ फाइल ४८ ची होती. ऐकल्यावर खात्रीच पटली: वाक्य संपलं की पंख्याची घरघर वर चढत होती, शब्द सुरू झाला की खाली बसत होती.

मोजमाप असं: सरासरी उणे २७.४, ट्रू पीक उणे ०.८. म्हणजे ११.४ डेसिबल वाढवायचे, आणि तसं केलं तर पीक अधिक १०.६ वर जाणार. सरळ वाढ शक्यच नाही, म्हणून फिल्टरने गुपचूप पद्धत बदलली. बोलणं एवढं हळू आणि पीक एवढा उंच कसा? वक्ते मुद्द्यागणिक टेबलावर थाप मारत होते, आणि माइक त्याच टेबलावर. पीक नॉर्मलायझेशनही (सर्वांत उंच टोक बघून आवाज ठरवणं) इथे कुचकामी, कारण ते बोलण्याऐवजी थापेकडे बघतं.

अख्ख्या फाइलवर लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारा फिल्टर) लावता आला असता, पण थापेला चिकटून आलेला शब्दही त्यात दबतो. त्यापेक्षा ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये झूम करून थापा एकेक निवडल्या आणि आवाज कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायमध्ये उणे १४ डेसिबल दिले. कंटाळवाणं काम आहे, पण निकाल स्वच्छ येतो.

यानंतर पुन्हा मोजणं आलंच. जुने आकडे चालत नाहीत. आता सरासरी उणे २७.६, पीक उणे १३.२. ११.६ वाढवल्यावर पीक उणे १.६, जेमतेम मर्यादेत. लाउडनेस रेंजही (हळू आणि मोठ्या भागांतला फरक) ठरवलेल्या ११ च्या आत होती. ती जास्त असती तरी फिल्टर डायनॅमिकवरच गेला असता. या खेपेला अहवालात 'लिनिअर', म्हणजे सगळीकडे एकसारखी वाढ, असं आलं. पंखा अर्थातच तेवढाच वर आला, पण आता एका जागी स्थिर होता.

मालिकेत एक फाइल मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची होती. ती दोन्ही स्पीकरमधून वाजते तेव्हा मोजमापापेक्षा ३ एलयू (म्हणजे ३ डेसिबलइतकी) मोठी भरते, म्हणून हा फरक मोजमापात धरणारा ड्युअल मोनो पर्याय तिच्यासाठी चालू केला.