मुखडा झाला, अंतरा कधी?

नाटकांना, माहितीपटांना आणि मुलांच्या गाण्यांना चाली लावणं हा माझा व्यवसाय. या कामात नव्याने आलेली मुलं-मुली भेटली की एक तक्रार हमखास ऐकू येते. सुचतं भरपूर, फोनमध्ये तुकड्यांचा ढीग साचलाय, पण पूर्ण गाणं म्हणावं असं हाताशी काहीच नाही. मग नवीन सुचतंय त्याकडे दुर्लक्ष करायचं का? की अर्धवट पडलंय ते सोडून द्यायचं? त्यांना मी जे सांगते ते सगळं मिरजेत, आपल्या शाळेच्या संगीताच्या खोलीत शिकले. म्हणून सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा दुसरा विषय मनात आलाच नाही.

चित्रकलेच्या वर्गाला लागून असलेली ती खोली माझ्या आगेमागे शिकलेल्या सगळ्यांना आठवत असेल. एक पेटी, तबला-डग्गा, कोपऱ्यात गवसणीतले दोन तंबोरे आणि उन्हाने विटलेली सतरंजी. आमच्या संगीताच्या बाई गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक-प्रवेशिका परीक्षांची तयारी करून घ्यायच्या, पण ती आपल्या गावात घरोघरी चालायची. आमच्या बाईंचं वेगळेपण असं की त्या मुलांना स्वतःच्या चाली लावायला सांगायच्या. बालभारतीतली कविता घ्या, वर्गातल्या कुणी लिहिलेली घ्या, पण चाल तुमची हवी.

त्यासाठी प्रत्येकाला एक दोनशे पानी वही होती. वहीच्या पुढच्या बाजूला एकच गाणं चालू असायचं. ते पूर्ण होईपर्यंत दुसरं गाणं पुढच्या पानांवर येऊ द्यायचं नाही. आणि मधेच नवीन काही सुचलं तर? वही उलटी करायची, मागच्या पानावर स्वर लिहायचे, ताल लिहायचा, तारीख टाकायची, वही पुन्हा सुलटी करायची आणि होतो तिथे परत यायचं. मागची पानं उघडायची ती फक्त शनिवारी शेवटच्या तासाला. त्या तासाला मात्र पुढच्या पानाकडे बघायचंसुद्धा नाही, कितीही घाई असली तरी. तो तास नव्या सुचण्याचा.

लहानपणी मला तो नियम म्हणजे शिस्तीचा भाग वाटायचा. पुढे स्वतः काम करायला लागले तेव्हा त्यातलं शहाणपण कळलं. नव्या चाली नेमक्या कधी सुचतात? चालू गाण्याचा अंतरा, म्हणजे मुखड्यानंतरचं कडवं, अडतो तेव्हा. मुखडा, म्हणजे ध्रुवपद, सहज येतो, कारण त्याच्यावर कसलंच बंधन नसतं. अंतऱ्याला मात्र मुखड्याचं ऐकावं लागतं आणि तरी वेगळं काही सांगावं लागतं. तिथे मन कचरतं, पळवाट शोधतं आणि एक नवा, टवटवीत मुखडा पुढे करतं. तो मुखडा खोटा नसतो, पुष्कळदा चांगलाच असतो. पण त्याच्या मागे गेलात तर त्याचाही अंतरा तुमची वाट बघत उभाच असतो. बाई नव्या चालीला नाही म्हणत नसत. तिला बसायला जागा देत आणि थांबायला सांगत.

आठवीच्या संमेलनाचं गाणं मला आजही पाठ आहे. कविता वर्गातल्याच एका मैत्रिणीची, पावसाची. भूप रागाच्या अंगाने जाणारा मुखडा एका दुपारी झाला आणि नंतर गाडी अडली ती अडलीच. बाई रोज मधल्या सुट्टीत विचारायच्या, ‘‘मुखडा झाला, अंतरा कधी?’’ शेवटी एकदा पेटी जवळ ओढून म्हणाल्या, ‘‘अगं, तू अंतऱ्याची पहिली ओळ शोधत बसलीयेस. शेवटची शोध. मुखड्याला जाऊन मिळणारी ओळ आधी बांध, मग वर कुठे जायचं ते बघू.’’

हे मी पुढे कुठल्याही कोर्समध्ये ऐकलं नाही. आपल्या बहुतेक गाण्यांत अंतरा मध्य सप्तकाच्या वरच्या भागातून उठतो, तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, जाऊन येतो आणि शेवटच्या ओळीत उतरत उतरत मुखड्याच्या दारात येऊन उभा राहतो. म्हणजे परतीची वाट बहुतांशी ठरलेलीच असते. माझा मुखडा गंधारावरून, म्हणजे ‘ग’वरून, सुरू होत होता. बाईंनी धैवत-पंचमावरून गंधाराला येणाऱ्या चार-पाच वाटा पेटीवर दाखवल्या, त्यातली एक मी धरली. परतीची ओळ बसली आणि उरलेल्या दोन ओळी त्याच संध्याकाळी आल्या. आजही नाटकाचं शीर्षकगीत करताना मी हेच करते. पार्श्वसंगीताचा लांब तुकडा असेल तर तो कुठल्या स्वरावर, कुठल्या वाद्यावर थांबणार हे आधी ठरवते. शेवट माहीत नसलेलं काम रेंगाळतं, हा माझा अनुभव आहे.

घरी जाताना आमची वाट सतारमेकर गल्लीतून होती. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात मोठे फोटो आले. आम्हाला ती दुकानं शेजारघरासारखी होती. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे माळ्यावर वाळत पडलेले असायचे. त्यांना घाई करून चालत नाही, कच्चा भोपळा वापरला तर वाद्य दगा देतं. आणि खाली वाद्यं बनवणाऱ्या चाचांच्या मांडीवर एकच तंबोरा असायचा, जवारी लावण्यासाठी, म्हणजे तारेचा आवाज खुलवण्यासाठी.

जवारीचं काम मी तासन्‌तास बघितलंय. तोपर्यंत तंबोरा बघणाऱ्याच्या दृष्टीने तयार असतो. नक्षी झालेली, पॉलिश झालेलं, तारा चढलेल्या. पण वाजवला तर आवाज बसका येतो. चाचा तार बाजूला सारून घोडीच्या, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, माथ्यावरून कानस अगदी हलकेच फिरवायचे, फुंकर मारायचे, तार जागेवर आणायचे, तारेखाली दोरा सरकवायचे आणि कान खाली नेऊन ऐकायचे. ‘‘अजून बंद आहे.’’ पुन्हा कानस. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला बारीकसा बाक असतो आणि त्या बाकावर तार लांबवर घासत जाते, त्यातून तो गुंजणारा आवाज निघतो. कानस एखादा हात जास्त फिरली तर जमलेला बाक बिघडतो, कमी फिरली तर आवाज उघडत नाही. माळ्यावरचे भोपळे आणि मांडीवरचा तंबोरा, दोन्ही एकाच घरात. बाईंची मागची पानं आणि पुढचं पान मला नेहमी तसंच वाटत आलंय.

बाईंना गीतरामायणाची गोष्ट सांगायला फार आवडायची. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी ते सुरू झालं. शुक्रवारी सकाळी नवं गीत, तेच शनिवार-रविवारी पुन्हा. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गाणी झाली ५६. बाई बोटांवर मोजत म्हणायच्या, विचार करा, माडगूळकरांनी लिहायचं, फडक्यांनी चाल लावायची, वेगवेगळ्या गायक-गायिकांकडून बसवून घ्यायचं, आणि हे झालं की पुढच्या शुक्रवारचं. प्रतिभा तर होतीच. पण मला त्या शुक्रवाराचंही मोल वाटतं. दर आठवड्याला एक गाणं हातावेगळं होत होतं म्हणून पुढच्या गाण्याला हात मोकळा होत होता. तिथे नवं सुचणं आणि जुनं पुरं करणं यांत भांडण नव्हतं, एकाने दुसऱ्याला वाट करून दिली होती.

दुसरं उदाहरण आपल्या गावचंच. दर्ग्यातल्या संगीत सभेला आपण सगळेच कधी ना कधी जाऊन बसलो आहोत. तिथे विसावलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, पण त्यांची झिंझोटीतली ठुमरी अजून ऐकली जाते. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. तासभर राग मांडणारा माणूस तेवढ्या वेळात सुरुवात करतो, खुलवतो आणि संपवतो, आणि ऐकणाऱ्याला काही राहून गेलं असं वाटत नाही. ती मर्यादा खाँसाहेबांनी मागितली नव्हती. पण तिच्यात राहून काय करता येतं ते त्यांनी करून ठेवलं.

आज आम्हाला तबकडीही संपत नाही आणि शुक्रवारही येत नाही. संगणकावर हवे तेवढे ट्रॅक लावा, हवं तेवढं मागे जा, हजार आवाज चाळत बसा. त्यातला सगळ्यात मोठा फास म्हणजे लूप. सोळा मात्रांचा तुकडा फिरत ठेवला की तो दहाव्यांदा ऐकताना सुरेखच वाटतो, कारण कान त्याला सरावतो, आणि मग त्यानंतर दुसरं काही यावं हे कानाला पटेनासं होतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना लूप बंद करायला लावते. आधी पेटी आणि साध्या ठेक्यावर गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं करा, वेडंवाकडं का होईना. बासरी, व्हायोलिन, गिटार हे सगळं नंतर. पूर्ण सांगाडा ऐकला की कळतं, यात जीव आहे की नाही. नसेल तर ते गाणं खुशाल सोडावं. सांगाडा न ऐकता सोडलेलं गाणं मात्र मनात खुपत राहतं.

माझी मागची पानं आता फोनमध्ये आहेत. सुचलं की गुणगुणून ठेवते, पट्टी आणि लय सांगते, कशासाठी सुचलं ते एका वाक्यात सांगते, बंद करते. शनिवारी ऐकते. काही तुकडे तेव्हा निर्जीव वाटतात, ते काढून टाकते. काही महिन्यांनंतरही खुणावत राहतात, त्यांनाच पुढच्या पानावर बोलावते. एक अपवाद मी ठेवलाय आणि तो बाईंनाही मान्य होता. नवं सुचलेलं जर अडलेल्या गाण्याचीच गाठ सोडवत असेल, तर शनिवारची वाट बघायची नाही.

आणखी एक गोष्ट त्यांची. कुणाला तरी म्हणून दाखवल्याशिवाय गाणं पूर्ण झालं असं बाई मानतच नसत. वहीतलं शेवटचं पान भरलं तरी नाही. मग आम्ही शाळेच्या शिपाईमामांना, कधी प्रयोगशाळेतल्या सरांना पकडून गाणं ऐकवायचो. ऐकणारा माणूस समोर बसला की कुठली ओळ लांबली, कुठे श्वास पुरत नाही हे आपलं आपल्यालाच कळतं. रीलच्या तीस सेकंदांत मुखड्याचं कौतुक होऊन जातं आणि अंतऱ्यापर्यंत कुणी येतच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. मुलांना अंतऱ्यापर्यंत थांबणारा श्रोता मिळाला पाहिजे.

म्हणूनच या महोत्सवी वर्षात शाळेतल्या आताच्या संगीत शिक्षकांशी बोलून आम्ही शनिवारचा तास पुन्हा सुरू केलाय. आठवी-नववीची मुलं येतात, उलटी वही आणतात. प्रत्येकाने मुखडा आणि दोन अंतरे असलेलं एक तरी गाणं संमेलनापर्यंत पूर्ण करायचं आणि मंचावर म्हणायचं असं ठरलंय. माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. कुणाकडे चांगली पेटी वापराविना पडून असेल तर शाळेत आणून द्या. आहे त्या पेटीत तार सप्तकातले दोन सूर वाजत नाहीत, आणि या मुलांचे अंतरे नेमके तिथपर्यंत जाताहेत.